घाट आणि इंजिनाचें डोकें

यंत्रांचा इतिहास लिहिणारे बहुधा यंत्राच्या जन्मापाशींच थांबतात. अमुक यंत्र कोणीं शोधून काढलें, तें प्रथम कोणत्या कारखान्यांत तयार झालें आणि त्याच्या योगानें कोण श्रीमंत झाला, एवढें सांगितलें म्हणजे आपलें काम संपलें असें त्यांस वाटतें. परंतु यंत्राचें खरें आयुष्य तें कारखान्याच्या दारांतून बाहेर पडल्यावर सुरू होतें. ज्या रस्त्याची कल्पना करून तें बांधलें त्याच रस्त्यावर तें चालेल असा नेम नसतो. ज्या इंधनासाठीं तें आंखलें तेंच इंधन त्यास मिळेल अशीही खात्री नसते. मग कोठेंतरी कोणीतरी मनुष्य हातांत पाना घेऊन त्याचें झांकण उघडतो आणि कारखानदारानें ठेवलेली उणीव आपल्या परीनें भरून काढतो. मोटारीच्या इंजिनाचें जें 'हेड', म्हणजे त्याच्या नळकांड्यांवर बसविलेलें जाड झांकण, त्याचा इतिहास हा प्रामुख्यानें अशा दुसऱ्या हातांचा इतिहास आहे. तो अमेरिकेंत घडला असें सर्वत्र समजलें जातें, आणि तें बव्हंशीं खरेंही आहे. परंतु आम्हांस तो प्रथम नीट समजला तो महाड आणि पोलादपूर या दोन गांवांत. तेव्हां तेथूनच आरंभ करणें उचित होईल.

महाड हें सावित्री नदीच्या कांठचें जुनें व्यापारी गांव. देशावरचा माल बैलांच्या पाठीवरून घाट उतरून येथें येई आणि येथून होड्यांनीं समुद्राकडे जाई. पोलादपूर तेथून सुमारे वीस किलोमीटरांवर, सह्याद्रीच्या अगदीं पायथ्याशीं. रायगड जिल्ह्याचा (१९८१ पूर्वीं त्यास कुलाबा जिल्हा म्हणत) हा दक्षिणेकडील कोपरा असा आहे कीं, पूर्वेस किंवा दक्षिणेस कोठेंही जावयाचें म्हटलें तरी पुढें घाट उभाच. महाडाहून भोरकडे निघावें तर वरंधा घाट. पोलादपुराहून महाबळेश्वरास जावें तर प्रतापगडाच्या अंगानें चढणारा आंबेनळी घाट. आणि दक्षिणेस खेडकडे वळावें तर कशेडी. यांपैकीं आंबेनळीचें जुनें सरकारी नांव फिट्झजेरल्ड घाट. सर सीमूर फिट्झजेरल्ड हे १८६७ ते १८७२ पर्यंत मुंबईचे गव्हर्नर होते, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत बांधलेल्या या रस्त्यास त्यांचें नांव देण्यांत आलें. रस्ता बैलगाडीच्या युगांतला. त्याचीं वळणें आणि त्याचे चढ आंखतांना आंखणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बैल होता. बैल थकला म्हणजे थांबतो, श्वास घेतो आणि पुन्हां चालूं लागतो. मोटार आली तेव्हां तिला हा रस्ता तसाच मिळाला. परंतु थकल्यावर थांबून पुन्हां निघणें हें तिला बैलाइतकें साधत नव्हतें.

ही थकवा आणणारी चढण केवढी आहे हें आंकड्यांत पाहणें मनोरंजक होईल. पोलादपूर ते महाबळेश्वर रस्ता सुमारे चाळीस किलोमीटरांचा, आणि तेवढ्यांत चढावयाची उंची सुमारे १३०० मीटर. माल आणि माणसें धरून पांच टन वजनाची जुनी लॉरी ही उंची चढते, तेव्हां निव्वळ तें वजन वर नेण्यासाठींच, इंजिन पेट्रोलांतील उष्णतेचा पांचवा हिस्सा कामीं लावतें असें धरल्यास, सुमारे १० लिटर पेट्रोल जळतें. रस्त्याचें आणि चाकांचें घर्षण निराळें. उरलेले चार हिस्से कोठें जातात? कांहीं धुरांड्यावाटे आकाशांत, आणि बरेचसे इंजिनाभोंवतीं फिरणाऱ्या पाण्यांत. सपाटीवर गाडी वेगानें धांवते, वारा रेडिएटरमधून वाहतो आणि पाणी निवतें. घाटांत इंजिन पूर्ण जोरानें चालतें, पण गाडी बैलाच्या चालीनें सरकते. वारा लागत नाहीं. त्यांत आणखी दोन अडचणी. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३७० मीटर उंच आहे. तेथील हवा कोंकणांतल्या हवेपेक्षां सुमारे आठव्या हिश्शानें विरळ असते, म्हणून इंजिनाची शक्तिही जवळजवळ तितक्याच प्रमाणांत घटते. आणि त्या उंचीवर पाणी १०० अंशांस न उकळतां सुमारे ९५ अंशांसच उकळूं लागतें. म्हणजे चढ शिगेस पोहोंचावा, आणि नेमकी त्याच वेळीं शक्ति कमी व्हावी व पाणी लौकर उकळावें, अशी ही निसर्गाची योजना. जुन्या काळीं घाटांत गाडी उभी करून ओढ्याचें पाणी डब्यानें रेडिएटरांत ओतणारा क्लीनर ज्यांनीं पाहिला आहे, त्यांना या विवेचनाची आवश्यकता नाहीं.

आतां हेडाकडे वळूं. मोटारीच्या इंजिनांत नळकांडें असतें, त्यांत दट्ट्या खालींवर होतो, आणि वरचें तोंड बंद करणारें जें झांकण तें हेड. पण हें झांकण डब्याच्या झांकणासारखें निष्क्रिय नसतें. त्याच्या आंतल्या बाजूस जो खळगा असतो, त्यांतच पेट्रोलाची वाफ आणि हवा दाबली जाऊन पेटते. खळगा मोठा असेल तर मिश्रण कमी दाबलें जातें. लहान असेल तर अधिक. दट्ट्या अगदीं खालीं असतांना वरची जागा किती आणि अगदीं वर असतांना किती, या दोहोंचें जें प्रमाण त्यास दाबाचें प्रमाण म्हणतात. शास्त्रज्ञांनीं काढलेल्या आदर्श गणिताप्रमाणें हें प्रमाण चार असेल तर शंभर भाग उष्णतेपैकीं ४३ भाग कामीं येऊं शकतात. आठ असेल तर ५६. प्रत्यक्ष इंजिन आदर्शाच्या पुष्कळ खालीं राहतें, पण चढउताराचा क्रम तोच. याचा अर्थ असा कीं, तेंच नळकांडें, तोच दट्ट्या, तेंच पेट्रोल ठेवून केवळ हेड बदललें तरी इंजिनाचें सामर्थ्य बदलतें. शिवाय हवा आंत घेणाऱ्या आणि धूर बाहेर टाकणाऱ्या झडपा कोठें बसवाव्या, त्यांच्या वाटा सरळ असाव्या कीं वांकड्या, हेंही पुष्कळसें हेडच ठरवितें. मनुष्याप्रमाणेंच इंजिनाचीही कर्तबगारी डोक्यावर अवलंबून असते असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

ही गोष्ट कारखान्याबाहेरच्या लोकांच्या ध्यानांत प्रथम आली ती फोर्डच्या 'टी' मोटारीमुळें. १९०८ पासून १९२७ पर्यंत ही गाडी दीड कोटींहून अधिक संख्येनें बाहेर पडली. तिचें इंजिन सुमारे २९०० घन सेंटिमीटरांचें, पण शक्ति अवघी वीस अश्वांची, कारण दाबाचें प्रमाण चारच्या आसपास ठेवलेलें होतें. हेतु उघड होता: वाटेल तसलें पेट्रोल तिला चालावें आणि शेतकऱ्याला ती स्वतः दुरुस्त करतां यावी. तिची पेट्रोलाची टांकी बैठकीखालीं असे आणि पेट्रोल केवळ उतारानें इंजिनाकडे वाही. त्यामुळें फार उभ्या चढावर पेट्रोल इंजिनापर्यंत पोहोंचेनासें होई, आणि चालक गाडी उलटी फिरवून मागच्या मागें चढ चढवीत. हें वाचून हसूं येतें; परंतु डोंगराळ मुलखांत ज्यानें ती गाडी बाळगली असेल, त्यास तें हसूं फार वेळ टिकलें नसेल.

या गरीब इंजिनासाठीं नवीं हेडें बनविणारे लोक अमेरिकेंत निघाले. विस्कॉन्सिन प्रांतांतील रसीन गांवच्या ज्यो यागर्सबर्गर यानें गांवाच्या आणि स्वतःच्या नांवाचीं आद्याक्षरें जोडून 'राजो' नांवाचें हेड विकण्यास सुरुवात केली. लुई शेव्हर्ले, ज्याच्या नांवाच्या मोटारी पुढें जगभर गेल्या पण ज्यानें तो कारखाना आरंभींच सोडला होता, त्यानें आणि त्याच्या भावानें 'फ्रंटेनॅक' हेड काढलें. मूळच्या इंजिनांत झडपा नळकांड्याच्या बाजूला होत्या. या नव्या हेडांत त्या डोक्यावर आल्या, त्यामुळें हवेची वाट मोकळी झाली. असें हेड लावलेली फोर्ड गाडी १९२३ सालीं इंडियानापोलिसच्या पांचशें मैलांच्या शर्यतींत पांचव्या क्रमांकानें आली. खास शर्यतीसाठीं बांधलेल्या महागड्या यंत्रांच्या पंक्तीस शेतकऱ्याच्या गाडीचें इंजिन जाऊन बसलें, तें केवळ डोकें बदलल्यामुळें.

याच सुमारास इंग्लंडांत हॅरी रिकार्डो यांनीं तोच प्रश्न निराळ्या बाजूनें सोडविला. दाब वाढविला तर मिश्रण वेळेआधीं भडकतें आणि इंजिन खडखडूं लागतें, ही सर्वांची अडचण होती. रिकार्डो यांनीं १९१९ च्या सुमारास बाजूच्या झडपांच्याच इंजिनासाठीं असें हेड आंखलें कीं, दट्ट्यावरचें छत अगदीं खालीं आणून मिश्रण एका बाजूच्या खळग्यांत जोरानें ढकललें जावें. त्या खळबळीमुळें तें झपाट्यानें आणि सारखें जळे व खडखड कमी होई. झडपा हलवाव्या लागत नव्हत्या, खर्च थोडा होता. म्हणून ही रचना पुष्कळ कारखान्यांनीं उचलली. दुसरा उपाय अमेरिकेंतून आला. १९२१ सालीं टॉमस मिजली यांनीं पेट्रोलांत शिशाचें एक संयुग मिसळल्यास खडखड थांबते असें दाखविलें. तो उपाय स्वस्त होता, आणि विषारी होता. त्याची किंमत जगानें कशी भरली तें पुढें येईलच.

आपल्याकडे मोटारी आल्या त्या या साऱ्या घडामोडींच्या मागोमाग. फोर्डची हिंदी कंपनी १९२६ सालीं मुंबईंत निघाली. जनरल मोटर्सनें १९२८ सालीं शिवडीस गाड्यांची जुळणी सुरू केली. १९३२ सालीं फोर्डनें आठ नळकांड्यांचें स्वस्त इंजिन काढलें, आणि त्याच्या लॉऱ्या देशोदेशीं पसरल्या. हें इंजिन मोठें जोमदार होतें, परंतु त्यांत एक दोष होता. त्याच्या धुराच्या वाटा इंजिनाच्या मुख्य ओतकामांतून, पाण्याच्या पोकळीजवळून काढलेल्या होत्या. त्यामुळें धुराची उष्णता जाता जातां पाणी तापवून जाई. थंड देशांतील सपाट रस्त्यांवर हें फारसें जाणवत नसे. उष्ण देशांतील घाटांत मात्र जाणवल्याशिवाय राहत नसे. दुसऱ्या महायुद्धांत याच जातीचीं इंजिनें बसविलेल्या, कॅनडांत बांधलेल्या लष्करी लॉऱ्या हिंदुस्थानांत मोठ्या संख्येनें आल्या, आणि युद्ध संपल्यावर लष्करानें विकून टाकलेल्या लॉऱ्या मुलकी वाहतुकींत शिरल्या.

येथें आमच्या कथेंतील सर्वांत लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट येते. न्यूयॉर्क शहरांत झोरा आर्कस-डंटॉव्ह आणि त्याचा भाऊ युरा या दोघां निर्वासित बंधूंनीं १९४७ सालीं याच फोर्ड इंजिनासाठीं 'आर्डुन' नांवाचें ॲल्युमिनियमचें हेड विक्रीस काढलें. ॲल्युमिनियमचें वजन बिडाच्या निम्म्याहूनही कमी, आणि उष्णता वाहून नेण्याची शक्ति कितीतरी अधिक. झडपा डोक्यावर, आंतला खळगा अर्धगोलाकार, आणि धुराच्या वाटा ओतकामांतून काढून थेट हेडाबाहेर नेलेल्या. आज हें हेड म्हणजे जुन्या शर्यतींच्या मोटारींचे शौकीन ज्यासाठीं वाटेल तें मोल देतात अशी चीज आहे. त्याच्या प्रतिकृतिही ओतल्या जातात. परंतु तें मुळांत शर्यतीसाठीं निर्माण झालेंच नव्हतें. जड माल घेऊन चढणारी फोर्डची लॉरी तापूं नये, हा त्याचा पहिला हेतु. म्हणजे जो प्रश्न आंबेनळीच्या आणि कशेडीच्या चढावर क्लीनर डब्यानें सोडवीत होता, तोच प्रश्न हे दोघे बंधु ॲल्युमिनियमच्या ओतकामानें सोडवूं पाहत होते. लॉरीवाल्यांनीं तें घेतलें नाहीं. तें महाग होतें. कॅलिफोर्नियांतील कोरड्या तलावांवर वेगाचे विक्रम करणाऱ्या तरुणांनीं तें उचललें. थोरला बंधु झोरा पुढें १९५३ सालीं जनरल मोटर्समध्यें गेला आणि शेव्हर्लेच्या कॉर्व्हेट मोटारीमुळें विख्यात झाला. घाटासाठीं जन्मलेलें हेड मैदानांत गेलें, आणि घाट आपल्या जागीं तसाच राहिला.

मग घाटानें काय केलें? युद्धकाळांतील त्याचें उत्तर कोळसा हें होतें. १९४२ सालीं ब्रह्मदेश पडला, तेथील तेल बंद झालें, पेट्रोल दुर्मिळ झालें, आणि मुलकी गाड्यांच्या पाठीमागें लोखंडी भट्ट्या बसल्या. भट्टींत लांकडी कोळसा अर्धवट जळे, त्यांतून निघणारा वायु गाळून इंजिनास दिला जाई. या वायूचा सुमारे निम्मा भाग निरुपयोगी नायट्रोजन; त्यामुळें इंजिनाची शक्ति चाळीस-पन्नास टक्क्यांनीं घटे. घाटांत उतारूंनीं उतरून गाडीस हात लावावा, हा त्या काळच्या वडीलधाऱ्यांच्या आठवणींतला ठराविक प्रसंग त्यामुळेंच. पण या वायूंत एक गुणही होता: तो पुष्कळ दाब सहन करतो, खडखडत नाहीं. म्हणून हेडाचा पृष्ठभाग घासून खळगा लहान केला, तर गेलेल्या शक्तीपैकीं कांहीं परत मिळे. युद्धांत सांपडलेल्या सर्व देशांतील यंत्रज्ञांस हा उपाय ठाऊक होता, आणि त्यासाठीं नवें हेड विकत आणण्याची आवश्यकता नव्हती. घासण्यास सपाट पाटा, रंग, धीर आणि डोळा एवढें पुरे.

महाड येथील एका जुन्या दुरुस्तीखान्यांत आम्हीं असें एक हेड पाहिलें आहे. सहा नळकांड्यांचें, बिडाचें, बाजूच्या झडपांच्या इंजिनाचें तें होतें, आणि दार वाऱ्यानें आपटूं नये म्हणून दारापाशीं टेंकून ठेवलेलें होतें. दुकानाचे मालक वृद्ध मिस्त्री. त्यांचे चुलते त्याच दुकानांत काम शिकले होते. हेडाच्या कडेवर कानशीचे नव्हेत असे बारीक, एकसारखे घासल्याचे वळ दिसत होते. आम्हीं विचारलें, "काका, हें कारखान्यांतून असेंच आलें होतें काय?"

"छे हो," ते म्हणाले. "घाटांत तापलं कीं हेड वांकतं. वांकलं कीं गॅस्केट फुटतं नि पाणी आंत शिरतं. मग घासून सपाट करायचं. पण किती घासायचं तें ज्याला कळतं तो मिस्त्री. कमी घासलं तर पुन्हां घासतां येतं. जास्ती गेलेलं लोखंड कुणी परत देत नाहीं."

त्यांच्या या दोन वाक्यांत जें शास्त्र आहे तें आम्ही थोडें उलगडून सांगतों. समजा, एका नळकांड्यांतील दट्ट्याच्या फेरीची जागा ६०० घन सेंटिमीटर आणि हेडांतील खळगा १२० घन सेंटिमीटर आहे. दाबाचें प्रमाण सहा झालें. खळग्याचें तोंड शंभर चौरस सेंटिमीटर धरलें, आणि हेड एक मिलिमीटर घासलें, तर खळगा दहा घन सेंटिमीटरांनीं लहान होतो आणि प्रमाण सुमारे साडेसहावर जातें. चढावर हा फरक जाणवतो. पण पेट्रोल हलक्या प्रतीचें असेल तर याच फरकानें इंजिन खडखडूं लागतें, दट्ट्या जळतो. तेव्हां त्यावरचा उपायही मिस्त्रीच करी: एका गॅस्केटाऐवजीं दोन घाली, म्हणजे खळगा पुन्हां किंचित् मोठा होई. घासणें आणि जाड करणें, या दोन क्रियांनीं तो आपल्या गाडीचें डोकें आपल्या घाटास आणि आपल्या पेट्रोलास जुळवून घेई. राजो आणि फ्रंटेनॅक यांनीं छापील किंमतपत्रक काढून जें केलें, तेंच हें, निराळ्या साधनांनीं. फरक एवढाच कीं, त्यांनीं आपलें नांव धातूंत ओतलें, आणि याचें नांव कोठेंच उरलें नाहीं.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटलें. १ जून १९४८ रोजीं पुणें आणि अहमदनगर यांमध्यें सरकारी मोटारसेवेची पहिली गाडी धांवली. त्या आरंभीच्या ताफ्यांत शेव्हर्ले, फोर्ड, बेडफर्ड, सेडन, स्टुडबेकर, मॉरिस, अल्बियन, लेलँड, कॉमर आणि फियाट अशा दहा जातींच्या गाड्या होत्या. म्हणजे दुरुस्ती करणाराला दहा तऱ्हांचीं डोकीं ओळखावीं लागत. पन्नाशीच्या आरंभीं पुणें-महाबळेश्वर मार्गावर ज्या दोन सुखसोयींच्या गाड्या निघाल्या, त्यांतील एकीचें नांव 'गिरिआरोहिणी' ठेवलें होतें. घाट चढणें हा अजून अभिमानानें नांवांत मिरविण्याजोगा पराक्रम होता, हें त्यावरून दिसतें. इकडे वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कारखान्यानें कुर्ल्यास १९४७ पासून डॉज लॉऱ्या बाहेर काढल्या, आणि १९५४ सालीं टाटांच्या डीझेल लॉऱ्या जमशेदपुराहून निघूं लागल्या. डीझेल इंजिनांत ठिणगी नसते. हवा पंधरा-वीस पट दाबून तिच्याच उष्णतेनें तेल पेटवितात. त्यामुळें तें पेट्रोलाच्या खडखडीच्या प्रश्नांतून सुटलें, मंद चालींत जोरानें ओढूं लागलें, आणि घाटाचा निवाडा हळू हळू त्याच्या बाजूनें लागला. जुनीं पेट्रोल इंजिनें मोडींत गेलीं. त्यांबरोबर घासलेलीं हेडें गेलीं, आणि तीं घासण्याची विद्याही बव्हंशीं गेली.

नेमक्या याच काळांत अमेरिकेंत हेडांचें वैभव शिगेस पोहोंचत होतें. व्हिक एडेलब्रॉक यांच्यासारख्या लहान कारखानदारांनीं १९४० नंतरच्या दशकांत फोर्ड इंजिनासाठीं ॲल्युमिनियमचीं हेडें विकून जो धंदा उभा केला, तो साठीच्या दशकांत एक मोठा उद्योग झाला. १९६४ सालीं पॉन्टियॅकनें मध्यम आकाराच्या गाडींत ३८९ घन इंचांचें, म्हणजे सुमारे ६.४ लिटरांचें इंजिन घालून 'जी.टी.ओ.' मोटार काढली, आणि 'मसल कार' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दांडगट गाड्यांचें युग सुरू झालें. त्याच वर्षीं क्रायस्लरच्या ४२६ घन इंची 'हेमी' इंजिनानें डेटोनाच्या शर्यतींत पहिले तिन्ही क्रमांक घेतले. हेमी म्हणजे अर्धगोल, आर्डुनच्या खळग्याचाच आकार. अमेरिकन शर्यतपटु डॅन गर्नी आणि हवेच्या वाटांचा अभ्यास करणारे इंग्रज यंत्रज्ञ हॅरी वेस्लेक यांनीं मिळून फोर्डच्या लहान इंजिनासाठीं केलेलें हेड १९६८ आणि १९६९ अशीं दोन वर्षें ले मांसच्या चोवीस तासांच्या शर्यतींत विजयी झालें. या यशाचा पाया मात्र शिशाचा होता. इतका दाब सहन करणारें पेट्रोल शिशावांचून स्वस्तांत होत नव्हतें, आणि तें शिसें धुराबरोबर प्रत्येक शहरांतील मुलांच्या रक्तांत उतरत होतें. १९७१ च्या गाड्यांपासून जनरल मोटर्सनें दाबाचें प्रमाण उतरविलें. १९७३ सालीं तेलाचे भाव भडकले. आणि तें युग अवघ्या दहा वर्षांत संपलें. आपल्या देशांत २००० सालीं शिशाचें पेट्रोल सर्वत्र बंद झालें. जगांत मोटारींसाठीं तें विकणें अगदीं शेवटीं २०२१ सालीं अल्जीरियांत थांबलें.

या दोन इतिहासांची तुलना करतांना एक मोह होतो, आणि तो आम्ही टाळूं इच्छितों. अमेरिकन लोक चंगळीसाठीं हेडें बदलीत आणि आपले लोक पोटासाठीं, असें म्हणून आपणांस श्रेष्ठत्व घेतां येईल. पण तें न्याय्य होणार नाहीं. राजोचें हेड घेणारा शेतकरीही कोठल्यातरी चढावरच अडला असेल, आणि आपल्याकडेही घाटांत दुसऱ्या लॉरीस मागें टाकण्याची हौस कोणास नव्हती असें नाहीं. खरा भेद हेतूंत नसून नोंदींत आहे. तिकडे ज्यानें हेड केलें त्यानें त्यावर नांव ओतलें, किंमतपत्रक छापलें, शर्यतीचा निकाल वर्तमानपत्रांत आला. म्हणून साठ-सत्तर वर्षांनंतर त्याचें मोल होतें, त्याचें चरित्र लिहितां येतें. इकडे ज्यानें हेड घासलें, त्यानें संध्याकाळीं हात धुतले आणि गाडी घाटाकडे रवाना केली. गाडी वर पोहोंचली हीच त्याची पावती, आणि ती पावती कोणी जपून ठेवली नाहीं.

आपल्या घरोघरीं पूर्वजांच्या सनदा आणि वंशावळी जपल्या जातात, तें योग्यच आहे. महाड, पोलादपूर, खेड, भोर या घाटांच्या तोंडाशीं असलेल्या गांवांतून ज्यांच्या घराण्यांत कोणी मिस्त्री, चालक किंवा क्लीनर होऊन गेला, त्यांनीं त्याच्या आठवणीही लिहून ठेवाव्या असें आम्हांस मनापासून वाटतें. कोणत्या वळणावर पाणी घालीत, कोणत्या गाडीस दोन गॅस्केटें लागत, कोळशाच्या भट्टीसाठीं कोळसा कोठून येई, या गोष्टी क्षुल्लक दिसतात. परंतु कोंकण आणि देश यांस जोडणारा व्यवहार अनेक वर्षें अशाच क्षुल्लक ज्ञानावर चालला. आतां कशेडीच्या डोंगरांतून बोगदा झाला आहे आणि २०२३ पासून त्यांतून वाहतूक होऊं लागली आहे. उद्यां आणखी घाट असेच टळतील, आणि चढ काय असतो हें नव्या पिढीच्या गाड्यांस ठाऊकही राहणार नाहीं. तें इष्टच आहे. घाटांत अडकून कोणाचें भलें झालें नाहीं.

आम्ही निघालों तेव्हां मिस्त्रींस विचारलें, हें हेड मोडींत कां दिलें नाहीं? त्यांनीं पायानें तें किंचित् सरकवून दार उघडें केलें आणि म्हणाले, "चुलत्यांनीं घासलेलं आहे. अजून सपाट आहे."